दूरचित्रवाणीचे आंतरराष्ट्रीय पुरस्कार: काप्रीपासून न्यूयॉर्कपर्यंत, आणि मराठी मालिकांची वाट

निशिगंध (धागाकर्ती)

आंतरराष्ट्रीय एमीचा सोहळा दर नोव्हेंबरात न्यूयॉर्कला होतो. त्या आठवड्यात आपल्याकडे 'भारताला नामांकन', 'भारताचं थोडक्यात हुकलं' अशा बातम्या झळकतात आणि विषय तिथेच संपतो. हे पुरस्कार कोणी सुरू केले, निवड कशी होते, त्यातून मालिकेला नेमकं काय मिळतं, हे मराठीत एका जागी वाचायला मिळत नाही. म्हणून हा धागा. ज्यांना जे ठाऊक आहे ते लिहा.

आधी एक घोळ मिटवूया. सप्टेंबरच्या सुमारास लॉस एंजेलिसला होतात ते 'प्राइमटाइम एमी' आणि नोव्हेंबरातले 'आंतरराष्ट्रीय एमी' हे दोन वेगळे पुरस्कार आहेत. देणाऱ्या संस्थाही वेगळ्या. पहिला अमेरिकेत दाखवल्या जाणाऱ्या कार्यक्रमांसाठी, दुसरा मुख्यतः अमेरिकेबाहेर तयार झालेल्यांसाठी. आपल्या वृत्तपत्रांत दोन्हींना नुसतं 'एमी' म्हणतात.

एमीचा जन्म फार साधा आहे. २५ जानेवारी १९४९, हॉलिवूड ॲथलेटिक क्लब, तिकीट ५ डॉलर, एकूण ६ पारितोषिकं. तीसुद्धा फक्त लॉस एंजेलिस परिसरातल्या केंद्रांच्या कार्यक्रमांना. 'सर्वात उल्लेखनीय टीव्ही व्यक्तिमत्त्व' हा मान मिळाला शर्ली डिन्सडेल या तरुण शब्दभ्रमकार मुलीला आणि अर्थात तिच्या जूडी स्प्लिंटर्स या बाहुलीला. एमीच्या पुतळीचा आराखडा लुई मॅकमॅनस या इंजिनियरचा. त्याआधीचे ४७ आराखडे समितीने नाकारले होते. त्याने आपल्या पत्नीला समोर बसवून ही पंख असलेली, हातात अणू धरलेली स्त्री घडवली. पंख कलेचे आणि अणू विज्ञानाचा. टीव्ही म्हणजे काय ते त्या एका मूर्तीत आलं असं मला नेहमी वाटतं. नाव आलं 'इमी'वरून. त्या काळच्या कॅमेऱ्यातल्या इमेज ऑर्थिकॉन नळीला तंत्रज्ञ लाडाने इमी म्हणत.

७ मार्च १९५५ ला एमीचं अमेरिकाभर पहिलं प्रक्षेपण झालं. त्याच सुमारास न्यूयॉर्ककरांनी टीव्ही सूत्रसंचालक एड सलिव्हनच्या पुढाकाराने आपली वेगळी अकादमी उभी केली. हॉलिवूड आणि न्यूयॉर्क या दोन किनाऱ्यांची ओढाताण पुढे इतकी वाढली की १९७७ मध्ये संस्था फुटली. प्राइमटाइम हॉलिवूडकडे गेलं. दुपारच्या मालिका, बातम्या आणि खेळ न्यूयॉर्ककडे राहिले. आंतरराष्ट्रीय एमी देणारं मंडळ त्याआधीच, १९६९ मध्ये, स्थापन झालं होतं आणि १९७३ पासून ते पुरस्कार सुरू झाले. आपलं मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ चं. म्हणजे हा पुरस्कार आणि आपला मराठी टीव्ही जवळजवळ एकाच वयाचे आहेत.

आता माझं म्हणणं. या पुरस्कारांकडे आपण ऑस्करसारखा झगमगाट म्हणून पाहतो. त्यांचा खरा उपयोग वेगळा आहे: छोट्या भाषेतला कार्यक्रम दुसऱ्या देशातल्या वाहिनीच्या माणसाने पाहावा, म्हणून बांधलेली ती वाट आहे. आजवर गाजलेली भारतीय नावं हिंदी किंवा इंग्रजी कार्यक्रमांची आहेत. मराठीनेही या वाटेवर यावं असं मला मनापासून वाटतं.

मोरपीस२

सुरेख विषय. वाचतेय, सावकाश लिहिते.

जुना_श्रोता

धागा आवडला, पण तुम्ही सुरुवात हॉलिवूडपासून केलीत. आंतरराष्ट्रीय पुरस्कारांची गोष्ट इटलीत सुरू होते.

१९४८, काप्री बेट. महायुद्ध संपून तीनच वर्षं झालेली. इटलीच्या राई या नभोवाणी संस्थेने युरोपातल्या इतर नभोवाण्यांना एकत्र बोलावलं आणि 'प्री इटालिया' सुरू केला. कालपर्यंत एकमेकांविरुद्ध प्रचार करणारी केंद्रं एका खोलीत बसून एकमेकांची श्रुतिनाट्यं ऐकू लागली. टीव्हीचा विभाग त्यात १९५७ मध्ये आला. नभोवाणी आणि दूरचित्रवाणीची ही सर्वात जुनी आंतरराष्ट्रीय स्पर्धा आजही दरवर्षी इटलीतल्या वेगवेगळ्या शहरांत भरते.

तिची रचना नीट पाहा. स्पर्धेत उतरतात त्या प्रसारण संस्था आणि परीक्षकही त्याच संस्थांमधून येतात. प्रेक्षकांचं मतदान नाही, लाल गालिच्याचं फारसं प्रस्थ नाही. धंद्यातल्या माणसांनी धंद्यातल्या माणसांचं काम तासन् तास पाहायचं, त्यावर भांडायचं आणि निकाल द्यायचा. डिलन टॉमसच्या 'अंडर मिल्क वुड' या बीबीसीच्या श्रुतिनाट्याला १९५४ मध्ये प्री इटालिया मिळाला, तेव्हा कवी जाऊन काही महिने झाले होते. १९५९ मध्ये सॅम्युएल बेकेटच्या 'एम्बर्स'लाही तिथेच गौरवलं गेलं. या दर्जाचं लेखन नभोवाणीसाठी होत होतं आणि पुरस्कारामुळे इतर देशांच्या केंद्रांपर्यंत पोहोचत होतं.

ही कल्पना मग सगळीकडे पसरली. १९६१ मध्ये स्वित्झर्लंडात मॉन्त्रोचं 'सोनेरी गुलाब', त्याच वर्षी मोनॅकोचे राजे तिसरे रेनिए यांनी सुरू केलेला मॉन्टे कार्लो महोत्सव, १९६४ मध्ये प्रागचा 'गोल्डन प्राग' आणि म्युनिकचा मुलांसाठीचा 'प्री जनेस', १९६५ मध्ये जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेचा शैक्षणिक कार्यक्रमांसाठीचा 'जपान प्राइझ'. पाच वर्षांत पाच! आंतरराष्ट्रीय एमी त्यानंतर आठ वर्षांनी आले.

मॉन्टे कार्लोच्या 'गोल्डन निंफ' या पारितोषिकाची मूर्ती बोसिओ या शिल्पकाराच्या 'साल्मासिस'ची प्रतिकृती आहे. बोसिओ मूळचा मोनॅकोचा आणि मूळ शिल्प पॅरिसला लूव्रमध्ये. तिथे गेलात तर जरूर पाहा.

निशिगंध

जुना_श्रोता, हेच हवं होतं. राईबद्दल इतक्या तपशिलात मराठीत मी पहिल्यांदाच वाचलं.

प्राची_ठाणे

पहिलं एमी शब्दभ्रमकाराला हे वाचून एकदम रामदास पाध्ये आणि अर्धवटराव डोळ्यांसमोर आले. टीव्ही नवा असताना जगभर बाहुल्याच का चालत असतील? एकच कॅमेरा, छोटा पडदा, दोन चेहरे. त्या चौकटीत शब्दभ्रम अगदी नेमका बसतो.

शेवटचा_डबा

प्राची, बरोबर. शिवाय तेव्हा सगळं थेट प्रक्षेपण असायचं. रंगमंचावर तयार झालेला कलाकार तिथे न डगमगता उभा राहायचा.

कसोटीवीर

माझा मुळातच प्रश्न आहे. मराठी मालिका मराठी माणसासाठी असते. तिला न्यूयॉर्कच्या परीक्षकांची मोहर कशाला हवी? 'चिमणराव' आपल्या घराघरांत पाहिलं गेलं. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांना त्या जोडीबद्दल कोणती विदेशी बाहुली मिळाली नाही म्हणून त्यांचं काय अडलं? उलट अशा स्पर्धांसाठी काम करायला लागलं की लोक परदेशी डोळ्यांना आवडेल तेवढंच दाखवू लागतात. गरिबी, गुन्हे, झोपडपट्टी.

सुरंगी

कसोटीवीरांशी निम्मी सहमत. 'मॉन्त्रो'चा इतिहास नेमका हाच प्रश्न समोर ठेवतो, म्हणून सविस्तर लिहिते.

'सोनेरी गुलाब', म्हणजे रोझ डोर, ही स्विस मार्सेल बेझाँसों यांची कल्पना. युरोव्हिजन गीतस्पर्धाही त्यांनीच सुचवलेली. हा पुरस्कार हलक्याफुलक्या करमणुकीसाठी होता. युरोपातल्या सरकारी वाहिन्यांकडे बातम्या आणि नाटकं भरपूर होती, पण विनोद आणि गाण्यांचे कार्यक्रम एकमेकांना देता येत नव्हते, कारण भाषा आडवी यायची. मग एक जागा करूया, तिथे सगळ्यांनी आपापला एक कार्यक्रम आणावा, पाहावा, आवडला तर विकत घ्यावा.

पहिलाच सोनेरी गुलाब १९६१ मध्ये बीबीसीच्या 'ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो'ला मिळाला. गोरे गायक तोंडाला काळं फासून नाचत-गात, तो हा कार्यक्रम. आज त्याचं नाव घेतलं तरी ब्रिटनमध्ये मान खाली जाते. परीक्षकांना तेव्हा त्यात काही खटकलं नाही. पुरस्कार त्या त्या काळाची नजरही जपून ठेवतात, चांगली आणि वाईटही. म्हणून विजेत्यांच्या जुन्या याद्या मला फार महत्त्वाच्या वाटतात.

१९७१ मध्ये माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी गटाच्या मंडळींनी मॉन्त्रोसाठी खास संकलन करून पाठवलं. त्यांना रुपेरी गुलाब मिळाला आणि सोनेरी गेला ऑस्ट्रियाच्या कार्यक्रमाला. पायथनचा विनोद इंग्रजी वाक्यांच्या चक्रावून टाकणाऱ्या वळणांवर उभा. तो अनेक देशांच्या परीक्षकांपर्यंत कितपत पोहोचला असेल?

आणि मग १९९० मध्ये 'मिस्टर बीन'ला सोनेरी गुलाब! जवळजवळ संवादच नाहीत. रोवन ॲटकिन्सनचा चेहरा आणि हातपाय. पुढे ते पात्र कुठे कुठे गेलं ते सांगायला नको, आपल्याकडच्या तीन वर्षांच्या पोरांनाही ठाऊक आहे. म्हणजे सीमा ओलांडायच्या स्पर्धेत शब्दांचा विनोद मागे पडतो आणि देहाचा पुढे जातो. 'चिमणराव' मॉन्त्रोला गेलं असतं तर चि. वि. जोशींच्या वाक्यांतली खुमारी उपशीर्षकांत किती उरली असती? माझ्या मते फार थोडी. प्रभावळकरांचा चेहरा मात्र पोहोचला असता.

कसोटीवीर

सुरंगी, हा मुद्दा मान्य. पण मग तो पुरस्कार 'उत्तम' कार्यक्रमाला मिळतो की 'सोप्या' कार्यक्रमाला?

निशिगंध

कसोटीवीर, तुमची शंका रास्त आहे. तिचं उत्तर मी आंतरराष्ट्रीय एमीच्या टेलिनॉव्हेला विभागातून देते, कारण आपल्या दैनंदिन मालिकांना सर्वात जवळचा विभाग तोच.

तो २००८ मध्ये सुरू झाला. पहिलं पारितोषिक कोणाला? ब्राझील नाही, मेक्सिको नाही. जॉर्डनच्या 'अल-इज्तियाह'ला, म्हणजे जेनिनच्या पॅलेस्टिनी लोकांवर बेतलेल्या अरबी मालिकेला. दुसऱ्या वर्षी, २००९ मध्ये, ब्राझीलच्या ग्लोबो वाहिनीची 'कामिन्यो दास इंदियास' जिंकली. ही मालिका चक्क भारतावर! ग्लोरिया पेरेझ यांनी लिहिलेली, जुलियाना पायस माया नावाच्या मुलीच्या भूमिकेत आणि तिचं प्रेम एका दलित तरुणावर. काही चित्रीकरण राजस्थानात, बरंचसं रिओच्या सेटवर. पोर्तुगीज बोलणारे ब्राझिलियन नट साड्या-शेरवान्या घालून मध्येच 'अरे बाबा' म्हणतात आणि ते 'अरे बाबा' तेव्हा तिथल्या रस्त्यांवर रुळलं होतं.

त्यातला भारत रंगीबेरंगी आणि पुष्कळ ठिकाणी खोटा आहे. पण विचार करा: जात आणि लग्न या आपल्या घरातल्या विषयावरची दैनंदिन मालिका ब्राझीलने केली, जगभर नेली आणि त्यावर एमी घेतलं. ज्या मातीत फुले-आंबेडकर झाले तिथल्या लेखकांनी हा विषय यापेक्षा कितीतरी खरा लिहिला असता.

पुढे २०१७ मध्ये तुर्कस्तानच्या 'कारा सेवदा'ने तोच विभाग जिंकला आणि २०१९ मध्ये हालूक बिल्गिनेर सर्वोत्तम अभिनेता ठरले. तुर्की मालिका आज किती देशांत पाहिल्या जातात ते आपण जाणतो, आपल्याकडेही हिंदीत डब होऊन आल्या. तुर्की निर्मात्यांनी झोपडपट्टी विकली नाही. घर, सासर, सूड, प्रेम हेच त्यांचं भांडवल, जे आपलंही आहे.

टोरांटोकर

इकडे माझे मेक्सिकन आणि इराणी सहकारी तुर्की मालिका इतक्या आवडीने पाहतात की जेवणाच्या सुट्टीत कथानकावर वाद होतात. मराठी मालिका मी त्यांना दाखवू शकत नाही, कारण मी पाहतो त्यावर इंग्रजी उपशीर्षकंच नसतात.

प्राइमटाइम एमीबद्दल थोडी भर. तिथलं भाषेचं कुंपणही आता बरंच खाली आलं आहे. २०२२ मध्ये कोरियन 'स्क्विड गेम'साठी ली जंग-जे सर्वोत्तम अभिनेता झाला, इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतल्या भूमिकेसाठी पहिल्यांदाच. २०२४ मध्ये 'शोगुन'ने एका वर्षात १८ एमी मिळवून विक्रम केला. त्यातले बहुतेक संवाद जपानी आहेत. उपशीर्षकं वाचायचा कंटाळा असलेला इथला प्रेक्षक बदलला आहे, हे मी रोज पाहतो.

रानवारा

भारतीय नोंदी एकत्र करतो. जिथे मराठी माणसं आहेत तिथे मुद्दाम थांबतो.

२०११: झीचे सुभाष चंद्रा यांना आंतरराष्ट्रीय एमीचा डिरेक्टोरेट पुरस्कार. २०२३ मध्ये तोच एकता कपूर यांना.

२०१९: 'सेक्रेड गेम्स' सर्वोत्तम नाट्यमालिकेच्या अंतिम चारांत. मालिका हिंदी, पण तिचा श्वास मुंबईचा. गणेश गायतोंडे नवाजुद्दीन सिद्दिकीने केला, तरी अनेकांच्या मनात राहिला तो जितेंद्र जोशीचा कॉन्स्टेबल काटेकर. गिरीश कुलकर्णी आणि राजश्री देशपांडेही होते. पारितोषिक गेलं ब्रिटनच्या 'मॅकमाफिया'ला आणि गंमत म्हणजे नवाजुद्दीन त्यातही होता. त्याच वर्षी पुण्यात वाढलेल्या राधिका आपटेला 'लस्ट स्टोरीज'साठी अभिनेत्रीचं नामांकन.

२०२०: 'दिल्ली क्राइम'ला सर्वोत्तम नाट्यमालिका. या विभागात भारताचा पहिला विजय. दिग्दर्शक रिची मेहता, मुख्य भूमिकेत शेफाली शाह. महासाथीमुळे पाहुणे घरूनच पडद्यावर हजर होते.

२०२१: 'सीरियस मेन'साठी नवाजुद्दीनला नामांकन. मुंबईच्या चाळीत राहणारा दलित बाप, मुलाच्या हुशारीचं बनवलेलं सोंग. संजय नार्वेकर त्यात राजकारण्याच्या भूमिकेत. पारितोषिक डेव्हिड टेनंटला.

२०२३: वीर दासला विनोदी विभागाचं पारितोषिक, 'डेरी गर्ल्स'बरोबर विभागून. २०२४ मध्ये त्यानेच सोहळ्याचं सूत्रसंचालन केलं.

कसोटीवीर, या यादीत गुन्हे आहेत हे खरं. पण 'दिल्ली क्राइम'मध्ये अत्याचार पडद्यावर दाखवलेलाच नाही. पाच-सहा दिवस न झोपता तपास करणाऱ्या पोलिसांची ती गोष्ट आहे. परीक्षकांनी तो संयमही पाहिला असणार.

बाणेदार

सगळं ठीक, पण पुरस्कार देणाऱ्या संस्थांबद्दल फार हळवं होऊ नका. आंतरराष्ट्रीय एमीवाल्यांनीच २०२० मध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांना त्यांच्या रोजच्या करोना पत्रकार परिषदांबद्दल खास पारितोषिक दिलं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये, लैंगिक छळाच्या आरोपांवरून त्यांनी पद सोडल्यावर, परत घेतलं. सत्तेवरच्या माणसाला टीव्हीचं पारितोषिक द्यायचंच कशाला?

जुना_श्रोता

बाणेदार, पूर्ण सहमत. प्री इटालियाची जुनी पद्धत मला म्हणूनच भावते: तिथे कार्यक्रम पाहतात, खुर्ची पाहत नाहीत.

मोरपीस२

आता माझी भर. मी उपशीर्षकांचं काम करते, त्यामुळे या विषयाची व्यवहाराची बाजू जवळून पाहिली आहे.

आंतरराष्ट्रीय एमीसाठी प्रवेशिका निर्माता किंवा वाहिनी पाठवते. शुल्क असतं. कार्यक्रम ठरलेल्या वर्षात प्रथम दाखवलेला असावा लागतो आणि इंग्रजीत नसेल तर इंग्रजी उपशीर्षकं किंवा डबिंग हवंच. परीक्षक निरनिराळ्या देशांतले, फेऱ्या अनेक आणि शेवटी प्रत्येक विभागात साधारण चार नावं उरतात.

मराठी दैनंदिन मालिकेचा भाग आज चित्रित होऊन कधी कधी दोन-तीन दिवसांत प्रक्षेपित होतो. त्या धावपळीत उपशीर्षकांचा विचार कोणाच्या मनात येत नाही. स्पर्धेसाठी निवडक भाग पाठवायचे म्हटलं तरी ते नंतर घाईघाईने, कोणीतरी शब्दशः उतरवून देतं. 'तुझ्या तोंडात साखर पडो' याचं अक्षरशः भाषांतर झालेलं मी वाचलं आहे. परदेशी परीक्षकाला त्यातून काय कळणार? सासू-सुनेच्या संवादात 'अहो', 'अगं', 'तुम्ही', 'तू' यांतून अख्खं नातं उलगडतं. इंग्रजीत ते सगळं सपाट होतं. ते कुठे वेगळ्या शब्दाने, कुठे वाक्याच्या लांबीने भरून काढावं लागतं. त्यासाठी वेळ आणि दोन्ही भाषा जाणणारा माणूस हवा, आणि त्याला बरा मोबदलाही.

तुर्की आणि कोरियन लोकांनी हा खर्च निर्मितीच्या अंदाजपत्रकातच धरायला सुरुवात केली. आपल्याकडे तो अजून 'वरखर्च' समजला जातो. माझी तळमळ एवढीच आहे की चांगली मालिका निव्वळ वाईट उपशीर्षकांपायी हरू नये.

प्राची_ठाणे

मोरपीस२, 'अहो-अगं'चा मुद्दा कधी सुचलाच नव्हता. यावर वेगळा धागा काढा, आग्रहाची विनंती.

बाणेदार

आणि आपल्या घरच्या सोहळ्यांचं काय? प्रत्येक वाहिनी स्वतःच्याच मालिकांना स्वतःच्याच मंचावर पारितोषिकं देते. 'सर्वोत्तम सून', 'सर्वोत्तम कुटुंब'. समोरच्या वाहिनीवरचं उत्तम काम त्यात येऊच शकत नाही. ब्रिटनमध्ये बाफ्टा सगळ्या वाहिन्यांचं काम एकत्र तोलतं. बाफ्टाचं पारितोषिक म्हणून देतात तो मुखवटाही मुळात टीव्हीसाठीच, १९५५ मध्ये शिल्पकार मिट्झी कन्लिफ यांनी निर्माता-दिग्दर्शकांच्या संघटनेकरता घडवलेला. सिनेमावाले नंतर त्यात आले. मराठी टीव्हीच्या लेखक-दिग्दर्शक-तंत्रज्ञांनी असा एक सामाईक पुरस्कार का सुरू करू नये?

रानवारा

बाणेदार, हा मुद्दा मला बाहेरच्या एमीपेक्षा मोठा वाटतो. बाहेर काय पाठवायचं हे ठरवायलाही आधी घरात कोणीतरी सगळं पाहिलेलं हवं.

निशिगंध

रानवारा, बाणेदार, दोघांशी सहमत. सामाईक परीक्षक मंडळ असेल तर त्याच्या शिफारशीवरून दरवर्षी एक मालिका आणि एक लघुकार्यक्रम नीट उपशीर्षकांसह बाहेर पाठवता येईल. शुल्क आणि उपशीर्षकांचा खर्च वाहिन्यांनी वाटून घेतला तर एकावर भार पडणार नाही.

शाळामास्तर

उशिरा आलो. जुना_श्रोतांनी 'प्री जनेस' आणि 'जपान प्राइझ'चा नुसता उल्लेख केला. या दोन्हींत व्यावसायिक मालिकांची स्पर्धा नसते, मुलांचे आणि शिक्षणाचे कार्यक्रम असतात. मराठीत मुलांसाठी टीव्हीवर आज जवळजवळ काहीच होत नाही, हे मला शिक्षक म्हणून रोज जाणवतं. जिल्हा परिषदेच्या शाळांतले कितीतरी शिक्षक स्वतः मोबाइलवर अप्रतिम धडे चित्रित करतात. त्यांच्यासाठी असं एखादं दार आहे का? जुना_श्रोता, जमलं तर या दोन स्पर्धांवर सविस्तर लिहाल का?

जुना_श्रोता

मास्तर, नक्की लिहितो. प्री जनेस म्युनिकला दर दोन वर्षांनी भरतो आणि तिथली एक प्रथा मला फार आवडते: वेगवेगळ्या देशांतले निर्माते एकत्र बसून प्रवेशिका पाहतात आणि प्रत्येक कार्यक्रमावर खुली चर्चा करतात. रविवारी वेगळा धागा काढतो आणि दुवा इथेच देतो.